हीव्हिंग लाईन 14 मीटरच्या पुढे जातच नाहीये, कॉम्पिटिशन तीन आठवड्यांवर आलीये

खडकवासल्याची_खलाशी

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी नॉटिकल सायन्स सेकंड इयर, पुण्याजवळच्याच एका कॉलेजात. आमची सीमॅनशिपची कॉम्पिटिशन आहे, बाहेरची कॉलेजं पण येणारेत, पाच जणांची टीम आणि यावेळी मला घेतलंय, घरी पेढे वाटून झालेत त्यामुळे आता माघार नाही 😅 इव्हेंट चार आहेत. हीव्हिंग लाईन, म्हणजे जहाजावरून जेट्टीवर टाकतात ती बारीक दोरी, फेकायची (20 मीटरवर खुणा केलेल्या पट्ट्यात पडली पाहिजे, तीन चान्स), तिपेडी दोराला आय स्प्लाइस (गाठ न मारता पेड दोरातच विणून टोकाला कडं करायचं), पूलमध्ये इमर्शन सूट (थंड पाण्यात जीव वाचवणारा अंगभर सूट) घालून उलटी लाइफराफ्ट (फुगणारा जीवरक्षक तराफा) सरळ करायची, आणि शेवटी चार्टवर फिक्स (समुद्राच्या नकाशावर जहाजाची जागा काढायची) आणि रूल ऑफ द रोडची, म्हणजे समुद्रातल्या वाहतूक नियमांची तोंडी.

स्प्लाइस माझी बरी आहे. पण लाईन कितीही जोर लावला तरी 14 मीटर, फार तर 15, आणि तीही जाते भलतीकडेच. टीममधली पोरं उभ्या उभ्या 22-23 टाकतात आणि मला सांगतात तू दंड मार. मारतेय. खांदा दुखून आलाय पण लाईन काही पुढे जात नाही. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करत होते तर मंकी फिस्ट (लाईनच्या टोकाची गोळ्यासारखी गाठ) दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलमध्ये अडकली, ओढली तर कुंडी खाली. चेअरमननी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसकट टाकलंय, 'पार्किंग ही खेळण्याची जागा नाही'.

एका सीनियरने सांगितलं की मंकी फिस्टच्या आत लोखंडी नट घाल, आपोआप लांब जाते, कोणाला कळत पण नाही. घालू का? आणि इमर्शन सूटला मला 2 मिनिटं 40 सेकंद लागतायत, पाहिजे दोनच्या आत. कोणी जहाजावरचं असेल तर प्लीज सांगा.

चिंचवडकर_बाबा

माझा भाचा याच लाईनमध्ये आहे म्हणून विचारतो, राग मानू नका, पुण्यात समुद्र नाही आणि दोर फेकून काय मिळणार, आजकाल सगळं मशीनवर असतं ना? स्पॉन्सरशिपला याचा काही उपयोग होतो का ते कोणीतरी स्पष्ट सांगा, फिया काय कमी आहेत का.

निवृत्त_सारंग

अगो बाय, आधी तो नट काढून टाक डोक्यातून. 31 वर्षं डेकवर काढली, शेवटची 12 बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. आता मुलाकडे वडगाव शेरीत असतो. आमच्या गावाकडे बोसनला सारंगच म्हणतात अजून.

एका बंदरात आमच्याच एका पोराने हौसेने मंकी फिस्टमध्ये नट भरला होता, मला पत्ताच नाही. खाली जेट्टीवर लाईन घ्यायला दोघं उभे. फिस्ट एकाच्या कानाशेजारून गेली आणि मागच्या पिकअपची काच फुटली. त्या माणसाने काही न बोलता खिशातून चाकू काढला, फिस्ट कापली, आणि वर आम्हाला दाखवून समुद्रात भिरकावली. मग कॅप्टनला पत्र, मला केबिनमध्ये बोलावणं. बरोबरच केलं त्याने. ब्रिटिशांच्या 'कोड ऑफ सेफ वर्किंग प्रॅक्टिसेस'मध्ये लिहिलेलंच आहे की फिस्ट फक्त दोराची, आत वजन भरायचं नाही. तुमचा जज जहाजावर काम केलेला असेल तर फिस्ट हातात घेऊन दाबून बघणार आणि तुम्ही तिथेच बाद.

आता फेकण्याचं. तुझा दंड नाही कमी पडत, तुझी गुंडाळी चुकतेय, न बघता सांगतो. लाईन लांब जाते ती सुटते कशी त्याच्यावर. एक वेढा दुसऱ्यात अडकला की हवेत गचका बसतो आणि लाईन धपकन खाली, ती तुझी 14 मीटरवाली. तिपेडी उजव्या पिळाचा दोर असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच गुंडाळायचा, उलटा गुंडाळलास की आठ आठचे आकडे पडतात. सगळे वेढे सारखे, साधारण हातभर लांबीचे. नवीन दोर असेल तर आधी त्याचा पीळ काढ, एक टोक बांधून पूर्ण लांब ओढून जमिनीवर दिवसभर ताणून ठेव.

मग गुंडाळीचे दोन भाग. फिस्टवाला थोडा कमी भाग उजव्या हातात, उरलेला डाव्या तळहातावर नुसता ठेवायचा, धरायचा नाही. बोटं उघडी, लग्नात अक्षता घेऊन उभे राहतो तशी. पोरं इथेच चुकतात, भीतीने डावी मूठ आवळतात, मग लाईन जाणार कशी? मागचं टोक रेलिंगला बांध, मनगटाला कधीच नाही. डावा खांदा निशाणाकडे, हात कोपरात न वाकवता मागून पुढे झोका, आणि हात डोळ्यांच्या वर आला की सोड. चेंडू फेकतात तसं नाही, आजी विहिरीत पोहरा सोडायची तसं, जोर शेवटी लागतो. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला धरून टाक, तो आणून ठेवतो. आणि लाईन बादलीत बुडवून पिळून घे, ओली लाईन वजनाला बरी आणि हवेत भरकटत नाही. हे नटापेक्षा चांगलं वजन, आणि पाण्याने कोणाचं डोकं फुटत नाही.

माणसाच्या अंगावर नेम धरायचा नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची. टाकण्याआधी ओरडायचं. कॉम्पिटिशनमध्येही ओरड, बघणाऱ्याला कळतं कोण शिकून आलंय.

चिंचवडकर बाबा, मशीन दोर ओढतं, पण तो जेट्टीपर्यंत पोचवतो माणूसच. जाड दोराच्या टोकाला ही बारीक लाईन बांधलेली असते, ती पोचली की मागून मोठा दोर जातो.

सेकंडमेट_सुट्टीवर

बोसन काका 🙏 एवढं तर आम्हाला कॉलेजातही कोणी शिकवलं नव्हतं, आम्ही तर सुरुवातीला जहाजावर चार वेळा टाकून चार वेळा पाण्यातून ओढून घेतली होती आणि चीफ ऑफिसर वरून बघत होता.

सूटचं सांगते. जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय कोडप्रमाणे कोणाच्या मदतीशिवाय 2 मिनिटांच्या आत चढला पाहिजे, म्हणजे तुमचा टाइम तिथूनच आलाय. तुझी 40 सेकंद बहुतेक पायात आणि झिपमध्ये जातायत. उभं राहून घालू नकोस, सूट जमिनीवर पसर, झिप पूर्ण खाली, आणि बस. पायात साध्या प्लास्टिकच्या पिशव्या घाल (किराणावाल्याकडच्या), पाय सरकन आत जातो, नियमात चालतं का तेवढं मात्र विचारून घे. मग गुडघ्यावर ये. आधी कमजोर हात, मग हूड, मग चांगला हात शेवटी, कारण एकदा दोन्ही हात त्या तीन बोटी मिटनमध्ये गेले की काही धरता येत नाही. केस आधीच घट्ट बांध, माझी वेणी एकदा झिपमध्ये अडकली होती, ड्रिलमध्ये सगळे हसत होते आणि मी मात्र रडकुंडीला. झिप वर ओढताना मागे रेल, पोट पुढे, एका हाताने खालून ताणून धर. त्याआधी एकदा उकिडवं बसून आतली हवा काढ नाहीतर पाण्यात पाय वर येतात आणि फुग्यासारखी तरंगशील. झिप जड असेल तर मेणबत्ती घासायची, पण सूट कॉलेजचा आहे ना, तर इन्स्ट्रक्टरला विचारूनच.

राफ्ट: सिलेंडर ज्या बाजूला आहे तिकडे जा, वारा असेल तर तो राफ्टला सरळ करायला मदत करेल अशी बाजू घे, सिलेंडरवर पाय, तळाची पट्टी धरून पाठ मागे टाक. हाताने ओढायचं नाही, अंगाचं वजन टाकायचं. राफ्ट अंगावर येते, येणारच, घाबरू नको, तोंड वर ठेवून पाठीवर पोहत बाहेर. बारीक मुलींना जमत नाही म्हणतात ते खोटंय, माझं वजन तेव्हा 49 होतं.

आता तोंडी, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याच्याकडे कोणी बघत नाही. परीक्षकांचा आवडता प्रश्न: धुकं आहे, समोरचं जहाज दिसत नाही, रडारवर उजव्या बाजूला पुढे एक एको (ठिपका), बेअरिंग (आपल्यापासूनची त्याची दिशा) बदलत नाहीये, म्हणजे टक्करीचा धोका, काय करणार? पोरं खाडकन म्हणतात रूल 15, क्रॉसिंग (वाटा एकमेकींना छेदतायत), मी गिव्ह-वे (वाट मी द्यायची). गेलं. जहाजं एकमेकांना दिसत असतील तरच 15. धुक्यात 19. तिथे गिव्ह-वे नाही, स्टँड-ऑन (आपली वाट तशीच धरणारा) पण नाही, दोघांनीही काळजी घ्यायची, आणि बीमच्या (आपल्या जहाजाच्या आडव्या रेषेच्या) पुढच्या जहाजासाठी, तुम्ही त्याला ओव्हरटेक करत नसाल तर, पोर्टला (डावीकडे) वळणं टाळायचं. पहिला शब्द 'दिसतंय की नाही' हाच विचारायचा.

चार्टवर घाईत सगळे जायरो एरर (जायरो होकायंत्राची चूक) उलटा लावतात. हाय असेल, म्हणजे जायरो जास्त दाखवत असेल, तर वजा. तळहातावर लिहून ठेव, चीटिंग नाही ती 😄

बाबा, सर्टिफिकेट बघून कोणी जहाजावर घेत नाही हे खरंय. पण पहिल्या दिवशी फॉरवर्डला (जहाजाच्या पुढच्या टोकाला) उभं केल्यावर हात थरथरत नाहीत.

बोटक्लबवाला

मी नॉटिकलचा नाही, कॉलेजात असताना मुळेवर रोइंग करायचो म्हणून आलो. जागेसाठी एक सांगतो, सोसायटी सोडा, डेक्कनला नदीपात्रात सकाळी सहाला जा, 40-50 मीटर मोकळं मिळतं, फक्त गुरांच्या आणि मॉर्निंग वॉकवाल्यांच्या मधे येऊ नका. खुणेसाठी बाटल्या मांडा. आणि तिथे वारा नदीवरून येतो, एका बाजूने दहा, दुसऱ्या बाजूने दहा टाकून बघा, पार्किंगमध्ये वाऱ्याचा अंदाज येतच नाही.

दोर पाहिजे असेल तर रविवार पेठेत बोहरी आळी, 8 एमएमचा बघा, किलोवर देतात. प्लास्टिकचा कडक चकाकणारा निळा घेऊ नका, तो वेढा धरत नाही.

चिंचवडकर_बाबा

धुक्याचं वाचून डोकं गरगरलं. भाच्याला विचारलं, तोही 15 म्हणाला. आता त्याला लिंक पाठवतो.

निवृत्त_सारंग

बोटक्लबवाले, बरोबर. आणि कडक दोरच असेल तर आधी पाण्यात भिजवून, पायाखाली घेऊन मळायचा, पीठ मळतात तसा, दोन दिवसांत नरम येतो.

बाय, तू स्प्लाइस बरी म्हणालीस, एक विचारतो, पहिल्या टकला (पेड दोरात खुपसण्याच्या पहिल्या फेरीला) तिन्ही पेड तीन वेगळ्या फटींतून जातात ना? दोन एकाच फटीत घालून पुढे सुंदर दिसणारी स्प्लाइस मी खूप बघितली, लोड आला की सटकते. जज उलटी करून बघेल. सिंथेटिक दोराला टकही जास्त घे, तो गुळगुळीत असतो.

खडकवासल्याची_खलाशी

सगळ्यांना खूप थँक्यू!! चार दिवस नदीपात्रात जातेय, आई पण येते, ती बाटल्या उचलून आणून परत मांडते आणि मग चहा. गुंडाळी खरंच उलटी होती काका, मी डावखुरी आहे म्हणून सगळं आरशातल्यासारखं करत होते, मागून बघणाऱ्या सरांच्याही लक्षात आलं नव्हतं. आता दिशा तुम्ही म्हणालात तीच ठेवली, फक्त हात बदलले. डावी मूठ, म्हणजे माझी उजवी, उघडी ठेवायला सगळ्यात जड गेलं. आज ओल्या लाईनने 19, 21, 18. नट घातलेली फिस्ट सीनियरकडे होती, ती सरांनी काल दाबून बघितली आणि कापली 😬

सूट 2:05. पिशव्या चालतात म्हणाले. स्प्लाइसमध्ये दोन पेड एकाच फटीत होते. हो. उलगडून परत करतेय.

काकूंकडे जाऊन कुंडीचे पैसे द्यायला गेले तर त्या घेत नाहीयेत, म्हणतात मोगरा परत आणून लाव.

निवृत्त_सारंग

डावखुरी आहेस हे आधी सांगायचंस ना गो. वारा उजवीकडून आला तर परत विचार. मोगरा मोठ्या कुंडीत लाव, आणि कुंडी ग्रिलला बांधून दे, दोर आहेच तुझ्याकडे.