आधी २५ नंबरचं पोर्ट तपासा

ऑफिसातल्या ऑफिसात मेल धडाधड जातात, बाहेर जीमेलला एकही पोचत नाही, म्हणून तुम्ही पोस्टफिक्स (सर्व्हरवरचं मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकायला निघालात. थांबा भाऊ. लातूरला एका डाळमिलच्या ऑफिसात हेच करून मी दोन रात्री घालवल्यात.

आधी सर्व्हरवर 'मेलक्यू' (mailq, अडकलेल्या मेलची यादी दाखवणारी कमांड) मारा. 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसतंय का? मग बहुतेक तुमच्या इंटरनेटवाल्यानं बाहेर जाणारं पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो रस्ता) बंद ठेवलंय. खात्रीसाठी सर्व्हरवरूनच जीमेलच्या एमएक्सला (मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला) २५ वर टेलनेट करा, म्हणजे त्या कमांडनं जोडून बघा. २२० नं सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा. आमच्याकडे चहा गार झाला तरी नुसता कर्सर लुकलुकत होता.

पोर्ट उघडून घ्यायच्या नादी आम्ही लागलोच नाही. रिले सेवा (आपली मेल पुढे पोचवणारी बाहेरची सेवा) घेतली, पोस्टफिक्सच्या रिलेहोस्ट सेटिंगमध्ये तिचा पत्ता आणि पोर्ट ५८७ टाकलं, यूजर-पासवर्ड दिला. क्यू फ्लश केला (अडकलेली मेल पुन्हा पाठवायला लावली) तशी तीन दिवसांची बिलं एकदम सुटली. (पाच दिवस उलटले असते तर पोस्टफिक्सनं ती परतच पाठवली असती.)

टाइमआउटऐवजी समोरच्या सर्व्हरकडून ५५० चा नकार येत असेल तर गोष्ट वेगळी. एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी नोंद) रिलेचा उल्लेख हवा, आणि डोमेनला एसपीएफची नोंद एकच. दोन ठेवल्या की तपासणीच फसते. रिले न घेता थेट पाठवणार असाल तर पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) लागेल. तो डोमेनच्या पॅनलमध्ये शोधत बसू नका, आयपी देणाऱ्याकडूनच करून घ्यावा लागतो.