ब्रोशर नवव्या फेरीत अडकलंय, मंजुऱ्या कशा आवरायच्या?

नारिंगी:
पंप बनवणाऱ्या कंपनीचं १६ पानी मराठी ब्रोशर. मंजुरी देणारे पाच: ब्रँड, प्रॉडक्ट, सेल्स, लीगल आणि व्हीपी. प्रत्येक जण व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा बदल पाठवतो, सेल्सने घातलेलं प्रॉडक्टवाले खोडतात. प्रदर्शन २० दिवसांवर आलंय. सुरुवात कुठून करू?

खर्डेनवीस:
डिझाइन आजच थांबवा. भांडण बहुतेक वेळा मजकुराचं असतं आणि ते डिझाइनरच्या डोक्यावर फुटतं. मजकूर साध्या वर्ड फाइलमध्ये काढा. एकच फाइल पाचही जणांना, मुदत ४८ तास. हद्द आधीच लिहून द्या: आकडे प्रॉडक्टचे, वॉरंटीचं वाक्य लीगलचं, भाषा ब्रँडची. सेल्सने सुचवावं, अडवू नये. दोन सूचना भिडल्या तर निवाडा तुम्ही करू नका, दोन्ही शेजारी-शेजारी लिहून व्हीपींपुढे ठेवा. शेवटची सही त्यांचीच.

तोंडी बदल आला की त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज ४ वाजता ठरल्याप्रमाणे पान ७ वर पंपाचं हेड (पाणी चढवण्याची उंची) ३२ मीटरऐवजी ३५ मीटर करत आहे. प्रॉडक्टने उद्या १२ पर्यंत होकार कळवावा.’ आकड्यांच्या बाबतीत गप्प राहणं म्हणजे होकार असं कधीही धरू नका.

शाईवाला:
सेंटर पिन, म्हणजे घडीवर मधोमध पिन मारलेली बांधणी, असेल तर पानं चारच्या पटीतच येतात. ‘एक पान वाढवा’ म्हणजे थेट २० पानं, हे सगळ्यांना आत्ताच सांगा.

मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवा, म्हणजे ऐन वेळी अक्षर बदललं तरी छपाईची काळी प्लेटच नवी लागेल (प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते). रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं असली की त्या रंगात जितक्या शाया, तितक्या प्लेट्स बदलाव्या लागतात.

श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर युनिकोडमध्ये नेला असेल तर पुन्हा अक्षरन् अक्षर वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते, ‘कार्यक्षमता’मधला रफार भलत्याच अक्षरावर बसतो. मग आउटलाइन करून (अक्षरांचे आकार बनवून) पीडीएफ, ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला भाग) ३ मिमी, फोटो ३०० डीपीआय. त्याच पीडीएफची छापील डमी घडी घालून फिरवा आणि प्रत्येक पानावर सही घ्या. मोबाइलच्या स्क्रीनवर दिलेली मंजुरी धरू नका.

नारिंगी:
धन्यवाद. प्रेसला काम तोंडीच सांगितलंय, पीओ (परचेस ऑर्डर) निघालेली नाही.

जमाखर्च:
मग आधी ती काढा. बिलाच्या नंतरच्या तारखेची पीओ अकाउंट्स परत पाठवतं. पीओतच लिहा: दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून पानामागे ठरावीक दर. हा खर्च कागदावर दिसला की फेऱ्या कमी होतात. प्रेस सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करारातही पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस.

शाईवाला:
छपाई, बाइंडिंग, वाहतूक मिळून ७ दिवस धरा. म्हणजे सही केलेली डमी तेराव्या दिवशी प्रेसमध्ये हवी.