'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर' : घटनात्मक विकार??

मनवा
सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या एका निकालाचा मराठी गोषवारा करतेय, घरच्यांनाच वाचायला. मेडिकल बोर्डाने मामांच्या रक्तदाबाला 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर' म्हटलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. आधी कुणीतरी करून दिलेल्या भाषांतरात चक्क 'घटनात्मक विकार' आहे. मामी विचारतात, यात राज्यघटना कुठून आली? मी 'प्रकृतिजन्य' केलं, तर म्हणाल्या, "प्रकृती बिघडली म्हणूनच तर विकार झाला ना?" काय लिहू? त्याच भाषांतरात 'पीस एरिया'चं (म्हणजे लढाईपासून दूरच्या, शांत भागातल्या नेमणुकीचं) 'शांतता क्षेत्र' केलंय, म्हणजे मामांची नेमणूक हॉर्न न वाजवण्याच्या पाटीजवळ होती म्हणायची.

कोशकिडा
'प्रकृतिजन्य'च बरोबर. वातप्रकृती, पित्तप्रकृती म्हणतो तीच ही प्रकृती, माणसाची मूळ घडण. तब्येत हा अर्थ नंतर चिकटला. लोक चुकीचं वापरतात म्हणून शब्द का बदलायचा?

रानजाई
"प्रकृती कशी आहे?" याला तुम्ही "पित्ताची" असं उत्तर देता का? 'अंगचा आजार' लिही गं मनवा. अंगचे गुण म्हणतो तसं.

निवृत्त सिग्नलवाला
'अंगचा' नको. ते वाचताक्षणी बोर्डाचं म्हणणं पटल्यासारखं वाटतं, आणि सगळा खटला तर त्याच्याविरुद्ध आहे. भरतीच्या वेळी डॉक्टर नखशिखान्त तपासतात. तेव्हा कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं आणि आजार सेवेमुळे नाही हे सरकारने सिद्ध करायचं. धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितलं. त्याला फेफरं येत होतं, बोर्डाने कारण न देता 'सेवेशी संबंध नाही' लिहून टाकलं होतं. माझ्याही कागदावर इंग्रजी चार अक्षरं होती: सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. ती जोडून वाचली की 'नाना' होतं. बायको अजून विचारते, हे नाना कोण?

कोशकिडा
'अॅट्रिब्यूटेबल'ला 'सेवाजन्य' आणि 'अॅग्रव्हेटेड'ला 'सेवावर्धित' करा. सुटसुटीत.

रानजाई
'सेवावर्धित' म्हणजे बढती मिळाल्यासारखं वाटतं! आपल्याकडे 'बळावणे' असताना? आजार बळावतो. 'सेवेमुळे बळावलेला'. त्यात बळ आजाराला येतं आणि माणसाचं जातं, हे कुठल्या कोशात शोधावं लागत नाही.

निवृत्त सिग्नलवाला
बळावलेला, मंजूर.

अर्धवट वकील
मनवा, पुढे निकालात 'बेनिफिट ऑफ डाउट' आला असेल. त्याला 'संशयाचा फायदा' लिही, कायद्याच्या मराठीत तेच रुळलंय.

निवृत्त सिग्नलवाला
अजिबात नाही! संशयाचा फायदा चोर सुटतो तेव्हा मिळतो. मी काय कुणाचं घर फोडलं होतं?

अर्धवट वकील
काका, शब्द रुळला की त्याचा वास जातो.

निवृत्त सिग्नलवाला
तुमच्या नाकाला जात असेल. गावात कुणी वाचलं, "संशयाचा फायदा देऊन पेन्शन मंजूर", तर उद्या पारावर काय बोलतील?

कोशकिडा
'शंकेचा लाभ'? संशय माणसावर घेतात, शंका गोष्टीबद्दल असते.

अर्धवट वकील
आणि शंकेला जायचं असेल तर?

रानजाई
वकीलसाहेब, आवरा. मी 'शंकेला जागा असेल तर कौल जवानाच्या बाजूने' असं लिहीन. लांब आहे, पण मामींना कळेल.

कोशकिडा
कौल देवाला लावतात. असो. आणि मनवा, 'अपील' न लिहिता 'दाद मागितली' लिही. फारसीत दाद म्हणजे न्याय. गाण्याला देतो ती दादही तीच.

अर्धवट वकील
सरकारी परिभाषेत 'अपील'च आहे. शिवाय मामांनी आधी लष्कराच्या समितीकडे पहिलं अपील केलं असेल, मग दुसरं, मग न्यायाधिकरण. सगळीकडे 'दाद' लिहिलंत तर नेमकं कुठे काय झालं ते कळणार नाही.

मनवा
पहिलं आणि दुसरं, दोन्ही फेटाळली होती. बोर्डाने अपंगत्व ३० टक्के धरलं होतं, न्यायाधिकरणाने ते ५० धरून पेन्शन द्यायला सांगितलं. इथे 'पूर्णांकन' लिहिलंय मी.

निवृत्त सिग्नलवाला
पूर्णांकन नव्हे. ५० च्या खाली असेल तर ५०, त्यावर ७५ पर्यंत ७५, त्याच्यापुढे १००. 'टप्प्यात बसवणे' म्हणा. नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांनाही ते लागू, हे २०१४ च्या राम अवतार निकालापासून पक्कं झालं. आता सप्टेंबर २०२३ च्या नियमांनी अशा निवृत्तांसाठी 'डिसॅबिलिटी'च्या जागी 'इम्पेअरमेंट रिलीफ' आणलंय. त्याला मराठी शोधा, मग बघू!

कोशकिडा
वैगुण्य-साहाय्य.

रानजाई
देवा!

मनवा
मामा निकालाच्या आधीच गेले. म्हणून शेवटी 'पेन्शन वारसांना मिळेल' असं लिहिलंय. 'पेन्शन' ठेवू की 'निवृत्तीवेतन'?

कोशकिडा
निवृत्तिवेतन! समासात 'त्ति' ऱ्हस्व.

अर्धवट वकील
वेलांटी राहू द्या, 'वारस' बघा. मामांच्या हयातीपर्यंतची थकबाकी वारसांची. त्यापुढची कुटुंब पेन्शन मात्र मामींची, स्वतःच्या हक्काची. ती मिळकतीत धरत नाहीत, मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. दोन्हींना 'वारस' लिहिलंत तर दीर हजर होतील. आणि मामांचा मृत्यू याच आजाराने झाला असेल तर 'सेवेमुळे' हा शब्द पुन्हा लागेल. साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, विशेष, म्हणजे मृत्यू सेवेमुळे धरला तर, ६० टक्के.

मनवा
हे कुणीच सांगितलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच आहे.

रानजाई
हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. रुग्णालयाचे कागद काढ आधी.

कोशकिडा
'विधवा' लिहिलंय का कुठे? 'वीरपत्नी' लिहा.

निवृत्त सिग्नलवाला
वीरपत्नी युद्धात गेलेल्याची. रक्तदाबाने गेलेल्याची नाही.

कोशकिडा
असं कुठे लिहिलंय?