अनुभव धागा : मध्यरात्री उठणारा भुंकल्यासारखा खोकला, अर्थात क्रूप

थंडी पडू लागली की लहान मुलांच्या पालकांकडून एक वर्णन हमखास ऐकू येते. संध्याकाळपर्यंत मूल खेळत होते, नाक थोडेसे वाहत होते, आणि मध्यरात्री ते कुत्र्याच्या भुंकण्यासारखे खोकत उठले. हा क्रूप सहा महिने ते तीन वर्षे या वयात अधिक आढळतो आणि बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो. मराठवाड्यातील ज्या घरांनी हा प्रसंग पाहिला आहे, त्यांनी काय दिसले, काय केले आणि डॉक्टरांनी काय सांगितले, हे येथे लिहावे. औषधाची मात्रा मात्र लिहू नये. ती मुलाच्या वजनावर ठरते.

लातूर, दीड वर्षाच्या मुलाची आई

आमच्या घरी सर्वांना तो डांग्या खोकलाच वाटला आणि सासूबाईंनी वेखंड उगाळायलाही घेतले होते. डॉक्टरांनी फरक सांगितला तो असा, की डांग्या खोकल्यात उबळीवर उबळ येते, तिच्या शेवटी मूल मोठा आवाज करून श्वास ओढते आणि हे कित्येक आठवडे चालते. क्रूपमध्ये आवाज बसतो, खोकला घोगरा येतो आणि दोन-तीन रात्रींत त्याचा जोर ओसरतो. स्वरयंत्राच्या लगेच खालचा भाग सुजतो, आणि मुलांची श्वासनलिका मुळातच अरुंद असल्यामुळे थोडी सूजही वाट अडवते. सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाचा तोंडावाटे एकच डोस दिला आणि काही तासांत फरक पडला. आजार विषाणूचा असल्याने प्रतिजैविक दिले नाही, ही गोष्ट शेजारणींना अजूनही पटलेली नाही.

परभणी जिल्हा, वडील

आमच्याकडे रात्रीचा गारठा कसा असतो, हे वेगळे सांगायला नको. मुलीला शालीत गुंडाळून, पत्नीला मागे बसवून मोटारसायकलने तालुक्याच्या गावी निघालो आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत तिचा श्वास जवळजवळ मोकळा झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी साधी सर्दी म्हणून परत पाठवले. दुसऱ्या रात्री तोच प्रकार झाला, तेव्हा पत्नीने मोबाईलवर चित्रण केले; ते पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच निदान केले. थंड हवेने सौम्य क्रूपमध्ये तात्पुरता आराम पडतो, हे त्यांच्याकडूनच कळले. माझ्या मते चित्रण करणे हाच सर्वांत उपयोगी सल्ला आहे, कारण हा आजार रात्री दिसतो आणि डॉक्टरांसमोर लपतो.

केज तालुका, आशा कार्यकर्ती

ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांतील मुले कोपीत, चुलीच्या धुराजवळ झोपतात, आणि धुराने घशाचा त्रास वाढतो. त्या आयांना मी खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वास पाहायला शिकवते. मूल शांत पडलेले असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल, छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल मलूल पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा. केवळ रडताना किंवा पळताना आवाज येत असेल, तर मुलाला कडेवर घ्यावे, उगी करावे आणि घोट घोट पाणी पाजावे, कारण रडण्याने श्वास आणखी कोंडतो. तरीही दुसऱ्या दिवशी दाखवावेच.

नांदेड, आजी

आमच्या वेळी पातेल्यात पाणी उकळून वाफ देत आणि घशात बोट घालून पडजीभ दाबत. आता सून दोन्ही करू देत नाही. डॉक्टर साहेबांनी खुलासा करावा.

छत्रपती संभाजीनगर, बालरोगतज्ज्ञ

आजी, सूनबाईंचे बरोबर आहे. वाफेने क्रूप कमी होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही, आणि उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. घशात बोट किंवा चमचा घातल्याने मूल घाबरते आणि श्वास एकाएकी बंद होऊ शकतो. मुलाला मांडीवर बसते धरावे, त्याला सोयीची वाटेल त्या स्थितीत राहू द्यावे.

श्वासाचा त्रास जास्त असल्यास आम्ही डेक्सामेथासोनबरोबर नेब्युलायझरमधून ॲड्रेनलिन देतो. त्याचा परिणाम साधारण दोन तासांत ओसरतो, म्हणून मूल बरे दिसू लागले तरी काही तास थांबवून ठेवतो. नातेवाईक तेव्हाच घरी जाण्याची घाई करतात.

तीन गोष्टी क्रूपसारख्या भासतात, पण क्रूप नसतात. तीव्र ताप असून मूल लाळ गाळत असेल आणि गिळू शकत नसेल, तर स्वरयंत्रावरच्या झाकणाची सूज असू शकते. ती बहुधा हिब या जिवाणूमुळे होते, आणि सहा, दहा व चौदा आठवड्यांना देण्यात येणाऱ्या पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीत हिबवरची लसही असल्यामुळे ती आता क्वचित दिसते. लसीकरण राहून गेलेल्या मुलात घशात करडा पापुद्रा आणि मानेला सूज असेल, तर घटसर्पाचा विचार करावा लागतो. आणि सर्दी-तापाशिवाय, भुईमुगाचे दाणे किंवा फुटाणे खाता खाता अचानक ठसका लागून श्वासाला आवाज येऊ लागला, तर दाणा श्वासनलिकेत अडकला आहे असे समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

लातूरची आई

डॉक्टर, हा आजार पुन्हा होतो का?

बालरोगतज्ज्ञ

ताई, काही मुलांना होतो, पण वयाबरोबर श्वासनलिका रुंदावते आणि सहा वर्षांनंतर तो क्वचितच आढळतो. वारंवार होत असेल, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला झाला असेल, किंवा आजार बरा झाल्यावरही श्वासाचा आवाज राहिला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्वासमार्ग तपासून घ्यावा.