केसॅनच्या टेस्टचा रिव्ह्यू करताना नेमकं काय तपासायचं?

विहंग_सी:
लिनक्स कर्नलचा एक पॅच पहिल्यांदाच माझ्याकडे रिव्ह्यूला आलाय. केसॅन म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारा डिटेक्टर, त्याच्यासाठी तीन नव्या केयुनिट (कर्नलचं टेस्ट फ्रेमवर्क) टेस्ट आहेत, पहिलीत केमॅलॉकने जागा घ्यायची, हद्दीबाहेर एक बाइट लिहायचा आणि केसॅन ओरडला की टेस्ट पास. माझ्या एक्स८६ व्हीएमवर तिन्ही पास होतात पण आर्म६४ वर एमटीई (प्रोसेसरमधलीच मेमरीला टॅग लावायची सोय) चालू करून चालवल्या तर पहिलीच फेल. कोड तोच, एक ओळ बदललेली नाही. नुसतं पास होतंय म्हणून रिव्ह्यूड-बाय (तपासलं, ठीक आहे अशी नावानिशी नोंद) द्यायला मन तयार नाही. कुठून सुरुवात करू?

बिटवाचक:
आधी साइझ बघ, किती मागितलीये?

विहंग_सी:
१२३. आणि लिहितोय १२३ व्याच इंडेक्सवर.

बिटवाचक:
मग तिथेच आहे सगळं. जेनेरिक केसॅन, म्हणजे एक्स८६ वर चालतो तो सॉफ्टवेअर मोड, दर ८ बाइटमागे नोंदीचा १ शॅडो बाइट ठेवतो आणि त्यात त्या ८ पैकी पहिले किती बाइट वैध आहेत तेही लिहितो, म्हणून १५ गट पूर्ण आणि सोळाव्यातले फक्त ३ हे त्याला कळतं. एमटीईमध्ये पॉइंटरचा टॅग मेमरीच्या टॅगशी जुळतो का एवढंच बघतात आणि तो टॅग सलग १६ बाइटला (एका ग्रॅन्युलला) एकच असतो, म्हणजे ११२ ते १२७ सगळं त्याच्या दृष्टीने तुझंच. डिटेक्टर बरोबर आहे, टेस्टची अपेक्षा चुकलीये. आता कुणी म्हणेल सरळ १२८ वर लिहा, पण तो शेजारच्या ऑब्जेक्टचा बाइट, त्याचा टॅग योगायोगाने जुळला तर टेस्ट कधी पास कधी फेल, आणि असल्या टेस्टवर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा साइझ १०७ घ्यायला आणि ११२ वर लिहायला सांग. १२८ वजा १६ वजा ५. मग ११२ पासून पुढचा पूर्ण ग्रॅन्युल त्याच ऑब्जेक्टच्या रेडझोनमध्ये (शेवटच्या न मागितलेल्या, निषिद्ध जागेत) येतो, तिथला टॅग अवैध, दोन्ही मोडमध्ये नक्की पकडला जातो. १२३ वाली अचूक तपासणी ठेवायचीच असेल तर ती फक्त जेनेरिक मोडमध्ये चालू दे.

मेमरीवाली:
अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फ्री केल्यानंतर लिहिणारी टेस्ट आहे का त्यात? असेल तर लिहिण्याऐवजी वाचायला सांग. केसॅन रिपोर्ट देतो पण ते लिहिणं थांबवत नाही, ते खरंच होतं. जेनेरिकमध्ये क्वारंटाइन (फ्री केलेली जागा लगेच परत न वापरता काही काळ बाजूला ठेवणं) असल्यामुळे बऱ्याचदा निभावतं, एमटीई मोडमध्ये क्वारंटाइन नाही, फ्रीलिस्टच (मोकळ्या जागांची यादी) बिघडू शकते आणि मग दहा टेस्टनंतर भलत्याच ठिकाणी कर्नल कोसळतो आणि दोष त्या बिचाऱ्या टेस्टला लागतो. शिवाय एक्स्पेक्ट-केसॅन-फेल मॅक्रोच्या (आतल्या कोडवर केसॅनचा रिपोर्ट आलाच पाहिजे असं तपासणाऱ्या) आत फक्त तो एकच चुकीचा ॲक्सेस हवा. केमॅलॉक, केफ्री सगळं आत कोंबलं तर रिपोर्ट नेमका कुठल्या ओळीमुळे आला ते सांगता येत नाही. आणि जीसीसी, क्लँग या दोन्ही कंपायलरवर बिल्ड करून बघ, कंपायलर निरुपयोगी ॲक्सेस उडवून टाकतो, त्यासाठी पॉइंटर ऑप्टिमायझरपासून लपवावा लागतो.

विहंग_सी:
१०७ करून बघितलं, दोन्हीकडे पास. आणि हो, तिसरी टेस्ट फ्रीनंतर मेमसेट करतेय, म्हणजे लिहितेच आहे, चक्क पूर्ण ऑब्जेक्टवर. लेखकाला तेच लिहून पाठवतोय, क्लँगचा बिल्ड आज रात्री लावतो.