बोअरचं पाणी, मुलाचे दात आणि सासऱ्यांची शुगर-फ्री गोळी

रानपाखरू
नमस्कार. आम्ही पांढरकवड्याजवळ खेड्यात राहतो. घरची बोअर 240 फुटांची. मुलाचे दुधाचे दात पडून पुढचे नवे आले, तेव्हा त्यांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, खडूने ओढल्यासारख्या. आता तो नऊ वर्षांचा आहे आणि वरच्या दोन दातांवर काथाच्या रंगाचे डाग धरलेत. वर्गातल्या पोरांनी विचारलं, "खर्रा खातो का बे?" तेव्हापासून तो हसताना ओठ मिटून घेतो. मीही नीट घासत नाही म्हणून त्याला रोज रागावत होते. परवा पाण्याचा रिपोर्ट आला, फ्लोराइड 2.8.

दुसरं म्हणजे सासऱ्यांना शुगर आहे. चार वेळा चहा, त्यात शुगर-फ्री गोळी. गोळीने कॅन्सर होतो असा मेसेज मोबाइलवर आला आणि त्यांनी परत साखर सुरू केली. उपाशीपोटी शुगर 210 झाली. पाणी उकळून प्यायलं तर चालेल का? आणि गोळीचं खरं काय?

पाणतपासनीस
ताई, उकळू नका. वाफ निघून जाते, फ्लोराइड भांड्यातच राहतं, उलट दाट होतं. मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. तुमचं त्या 1.5 च्याही जवळपास दुप्पट आहे. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. म्हणून गावात उथळ विहीर असेल तर आधी तिचं पाणी तपासून घ्या, बऱ्याचदा ते बरं निघतं. घरी आरओ बसवला तर फ्लोराइड निघतं. तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली आहे, पण तुरटी किती घालायची ते पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर (अल्कलिनिटी) ठरतं, घरी अंदाजाने करू नका. आणि नुसतं प्यायचं पाणी बदलून भागत नाही. वरण, भात, चहा, कणीक, सगळं चांगल्या पाण्यात व्हायला हवं. धुणीभांडी, आंघोळ बोअरवर चालेल.

आहारवाली
आजोबांना आधी साखर बंद करायला सांगा, 210 हा आजचा धोका आहे. तो मेसेज बहुतेक 2023 च्या जुलैतल्या बातमीवरून फिरतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला, म्हणजे अशा गोळ्यांतल्या एका कृत्रिम गोडव्याला, 'कॅन्सरची शक्यता आहे, पण पुरावा तोकडा' अशा गटात टाकलं. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, किलोमागे 40 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 2400. डाएट कोलाच्या एका कॅनमध्ये 200 ते 300 असतं, चहातल्या गोळ्यांत त्याहून पुष्कळ कमी. डबीवर नाव वाचा, कदाचित सुक्रालोज हा दुसराच गोडवा असेल. वजन उतरवायला असल्या गोडव्यावर विसंबू नका, असंही संघटनेने त्याच वर्षी सांगितलं, पण तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. मला विचाराल तर गोळ्या हळूहळू कमी करत फिक्या चहाची सवय लावा. आणि चार वेळचा चहाही कमी करा, कारण चहापत्तीतही फ्लोराइड असतं. मुलांना डाएट कोला नकोच.

किनवटकर
आमच्या वडिलांनी तीस वर्षं असलंच पाणी प्यायलं. आता मान वळत नाही, मागून हाक मारली की सगळं अंग फिरवून बघतात. पंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा, गावातल्या प्रत्येक हापशीचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जाऊ द्या. तुमच्याच घरी 2.8 असेल असं थोडंच आहे? पोराचे डाग घासून जाणार नाहीत, ते फ्लोराइडमुळे दात बनतानाच आत बसलेत. पण दातांचे डॉक्टर वरून झाकून देतात, पुतणीचं करून घेतलं आम्ही. त्याला दूध, आवळा, पालेभाजी देत राहा.

रानपाखरू
सगळ्यांचे मनापासून आभार. वरण-भाताचं डोक्यातच आलं नव्हतं. काल पोराला जवळ बसवून सांगितलं की दात त्याच्यामुळे खराब झाले नाहीत, पाण्यामुळे झाले. तो म्हणाला, "मग बाईंनाही सांग." सोमवारी शाळेत जातेय. तिथल्या हापशीचं पाणीही बाटलीत भरून आणणार आहे. धाकटी तीन वर्षांची आहे, तिचे पक्के दात अजून हिरडीच्या आतच आहेत. आरओ येईपर्यंत तिच्यासाठी शेतातल्या विहिरीचं पाणी तपासायला दिलंय, रिपोर्ट आला की इथेच टाकते.