जागृत राहा म्हणजे रात्रभर जागायचंच का?

तापीकाठ (यावल)
जय ख्रिस्त. विषय जरा टोचणारा आहे, रागावू नका. आमच्याकडे दर शुक्रवारी जागरण प्रार्थना सुरू झालीय, रात्री दहा ते पहाट, आणि जो येत नाही तो "थंड पडला" असं तोंडावर बोलतात. आता शेतीपंपाची लाइट रात्रीची, माणूस केळीला पाणी भरेल का प्रार्थनेला बसेल? बरं, पहाटे आमेन म्हणून घरी गेलेला माणूस दिवस उजाडला की कापसाची गाडी भरताना वरून पाणी मारतो, वजन वाढावं म्हणून. तेही बेतानं, कारण ओल 12 टक्क्यांच्या वर गेली की सीसीआय (सरकारी कापूस खरेदी महामंडळ) माल घेत नाही. मग जागं कोण राहिलं? प्रभू बोलला "परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा", आणि आपली परीक्षा दिवसाढवळ्या काट्यावर होते. बायबलात नीतिसूत्रे 11:1 मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे म्हटलंय, ते सगळ्यांना पाठ आहे.

जंक्शनवाला (भुसावळ)
भाऊ अर्धंच सांगतोस. "जागृत राहा आणि प्रार्थना करा" असं आहे ते, दुसरा शब्द कुठं गेला? प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचंच घे ना. प्रभूला म्हणाला तुझ्याबरोबर मरेन, प्रभूला धरलं त्या रात्री बागेत झोपला, आणि कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारून मोकळा, पहिल्यांदा तर एका दासीसमोर. त्याची परीक्षा रात्रीच आली ना? प्रार्थनेच्या टायमाला झोपला म्हणून पडला. पुढं 1 पेत्र 5:8 ला "सावध असा, जागे राहा, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतोय" असं लिहिणारा हाच, भोगून लिहिलंय त्यानं. आणि नुसतं खरं माप तर आमच्या गल्लीतला प्रभूला न मानणारा किराणावालाही देतो, मग आपलं वेगळं काय?

आखाजीवाला
भो, आखाजीला (अक्षय तृतीयेला) पत्त्यांचे डाव बसतात तेव्हा कोण जागं राहतं ते मोजा एकदा.

नवापूरची ताई
दोघं भाऊ भांडा, पण रात्रभराच्या प्रार्थनेत चहा कोण करतं ते सांगा आधी. दिवसभर कापूस वेचायचा, पाठ धरलेली असते, रात्री पातेलं चढवायचं, आणि झोप लागली तर आत्मिक दृष्ट्या मागे पडली. दहा कुमारींचा दाखला वाचा, वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा झोपल्या, शहाण्यासुद्धा. प्रभूनं झोपेला नावं ठेवली नाहीत, फरक दिव्यासाठी बरोबर नेलेल्या तेलाचा होता. आमच्याकडचे लोक हंगामाला गुजरातला ऊसतोडीला जातात, तिथं ना मंडळी (चर्च) ना पाळक, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) आधीच संपलेली, संध्याकाळी दारूची बाटली फिरते. तिथं एखादी बाई नवऱ्याला हाताला धरून खोपटात आणते आणि दोन ओळींची प्रार्थना करून झोपते, माझ्या मते जागी ती. लूक 21:34 ला दारूबाजी आणि संसाराच्या चिंता एकाच ओळीत आहेत, पण दारूवर संदेश होतात तसे चिंतेवर कुठं होतात?

तापीकाठ (यावल)
पेत्राचा मुद्दा दमदार आहे, मान्य. पण प्रभूनं त्याला उठवून विचारलं काय, "घटकाभरही जागवलं नाही का?" मागणी घटकाभराचीच होती, आणि लगेच देह अशक्त आहे हेही तोच म्हणाला. म्हणून माझं म्हणणं, अकराला आटपा आणि त्यात दहा मिनिटं या आठवड्यात कुठं घसरलो ते बोला, कापसाचं पाणी धरून.

जंक्शनवाला (भुसावळ)
सगळ्यांसमोर? दुसऱ्या दिवशी गावभर होईल रे. पाळकाशी एकट्यानं बोलणं वेगळं. अकराचं मात्र मी आमच्याकडे काढून बघतो, रात्रपाळीवाले खूष होतील.

नवापूरची ताई
आणि चहाचं?